असंघटित कामगारांना धोरणात सामावून घ्यायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमचा छोटा अभ्यासगट राज्याच्या कामगार आणि आर्थिक धोरणासाठी शिफारशींचा मसुदा करतो आहे. असंघटित कामगारांचं म्हणणं त्यात यावं, अशी तुमची इच्छा आहे. पण बैठकीला बोलावलं की चार-पाच जण येतात, मागच्या खुर्च्यांवर बसतात, फारसं बोलत नाहीत, हजेरीच्या कागदावर सही करून जातात. एकेकट्याला भेटलं तर प्रत्येकाचं गाऱ्हाणं निराळं. मग त्यांना सामावून घ्यायचं कसं, आणि शेवटी मागणी काय लिहायची? ‘सर्वांना औपचारिक क्षेत्रात आणा’ एवढं पुरे का?

मी हमाल, घरेलू कामगार आणि कचरावेचक यांच्या संघटनांबरोबर बरीच वर्षं काम करतो आहे. त्या कामातून जे उमगलं ते सांगतो. त्यातलं किती तुमच्या उपयोगाचं, हे तुम्ही कोणत्या कामाबद्दल लिहिताय यावर अवलंबून आहे, आणि माझ्या उत्तराचा अर्धा भाग खरं तर हाच आहे. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या, असंघटित क्षेत्रासाठीच्या राष्ट्रीय आयोगाने २००७ च्या अहवालात दाखवून दिलं की देशातल्या दर शंभर कामगारांपैकी नव्वदहून अधिक जण असंघटित आहेत. त्यांतले काही तर मोठ्या, नोंदणीकृत कारखान्यांच्या आत राबतात. कारखाना संघटित, पण कंत्राटावर आलेला कामगार असंघटित. एवढ्या मोठ्या समूहासाठी एकच मागणी लिहायला गेलात तर ती इतकी सर्वसाधारण होईल की कोणताही मंत्री ती आनंदाने मान्य करेल आणि कुणाच्याही दिवसात काही फरक पडणार नाही.

लोक बैठकीत गप्प बसतात, कारण आपण त्यांना धोरणावर मत विचारतो आणि मसुद्याची चौकट त्याआधीच ठरवून बसलेलो असतो. चौकट ठरण्याआधीचं काम वेगळं आहे. प्रत्येक कामाबाबत तीन गोष्टी शोधायच्या. या कामाचा पैसा मुळात कुणाच्या खिशातून निघतो? ते काम किंवा तो पैसा कुठे तरी मोजला जातो का, म्हणजे त्याची नोंद कुठे होते? आणि त्या नोंदीच्या जोरावर निर्णय घेतला जातो तिथे कामगारांनी स्वतः निवडलेला माणूस बसतो का? पैसा, नोंद आणि जागा. माझ्या पाहण्यात जे कायदे कामगारांच्या हाती लागले त्यांत या तिन्ही गोष्टी होत्या. जे कागदावर राहिले त्यांत यांतली एक तरी गळालेली होती.

सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे, आणि धोरणावर लिहिणारी तरुण मंडळी ते सहसा वाचत नाहीत याचं मला वाईट वाटतं. बाजारातला हमाल दिवसभरात दहा गाळ्यांवर माल चढवतो-उतरवतो. त्याचा मालक कोण? आडत्या म्हणतो, माझा माणूस नाही. ट्रकवाला म्हणतो, माझाही नाही. शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली कापली जाते, पण शेतकरी काही त्याचा मालक नव्हे. एक मालक आणि त्याचा एक नोकर, या हिशेबावर बेतलेले सगळे कामगार कायदे इथे लंगडे पडत होते. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, अशा चळवळींच्या रेट्यातून १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. गोदी कामगारांसाठीचा १९४८ चा केंद्रीय कायदा नमुना म्हणून समोर होताच.

या कायद्याने ‘मालक कोण’ हा वाद सोडवायच्या फंदात न पडता त्याला वळसा घातला. एक मंडळ उभं केलं. काम करून घेणाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, कामगारानेही करायची. केलेल्या कामाची मजुरी काम करून घेणारा मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे कामगारांच्या लाभांसाठीची जादा रक्कम, भरतो. मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवापाणी भागवतं. दहा गाळ्यांवर काम केलं तरी हिशेब एका जागी जमतो. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान. सरकारचे प्रतिनिधी या दोघांच्या मिळून संख्येच्या एक-तृतीयांशाहून जास्त असू शकत नाहीत. पैसा काम करून घेणाऱ्याकडून, नोंद मंडळात, आणि जागा कायद्यानेच बांधून दिलेली.

हा कायदा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या संख्येने हमाल आजही नोंदणीच्या बाहेर आहेत. काही औद्योगिक पट्ट्यांत माथाडीचं नाव सांगून कामच न करता कारखानदारांकडून पैसे उकळणाऱ्या टोळ्या फिरतात. उद्योजकांची ती तक्रार खरी आहे, आणि खऱ्या माथाडीलाच तिचा सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण अशा घटना पुढे करून कायदाच मोडीत काढायची भाषा सुरू होते. तुमच्या मसुद्यात हे झाकू नका. चोख नोंदणी आणि मंडळांवर वेळेवर नेमणुका हाच त्यावरचा उपाय आहे आणि तो कायद्याच्या चौकटीत बसतो.

आता हेच तीन प्रश्न ऊसतोडीला लावून बघा. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि तोडणीच्या मजुरीतून ती फेडायची असते. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाशी, मुकादम कोयत्यांशी. ‘कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत,’ हे कारखान्याचं ठरलेलं उत्तर. पण ऊस शेवटी कारखान्याच्या वजनकाट्यावरच मोजला जातो आणि मजुरीही टनावरच ठरते. म्हणजे मधे कितीही हात असले तरी काम आणि पैसा दोन्ही एका जागी नोंदलेले आहेत. म्हणूनच गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तितकीच भर सरकारची, अशी रचना ठरवता आली. काटा नसता तर ही मागणी नुसती घोषणा राहिली असती.

मात्र इथे एक गोष्ट नजरेतून निसटते. कोयता हा एकक धरला की हिशेबात एकच नाव येतं, आणि ते पुरुषाचं असतं. मोळ्या बांधणारी, डोक्यावरून गाडीत भरणारी बाई कामगार म्हणून कुठेच दिसत नाही. तिचं बाळंतपण, तिचा आजार, एखाद्या दिवसाच्या खाड्यापोटी होणारी कपात, यातलं काहीही मागायला तिच्या नावाचा कागद नसतो. तुमचा गट ऊसतोडीवर काही लिहिणार असेल तर पहिली शिफारस ही करा: नोंदणी कोयत्याची नको, माणसागणिक हवी. खर्च फारसा नाही, आणि पुढचे सगळे हक्क याच एका नोंदीवर उभे राहतात.

पैसा आहे, नोंदीचा नियम आहे, पण जागा नाही, असं झालं की काय होतं ते बांधकाम कामगारांच्या बाबतीत दिसतं. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर उपकर लावला, तो १ टक्का दराने गोळा होतो. पैसा येत राहिला. पण लाभासाठी नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा हवा. ही अट नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा ठेकेदार रोज बदलतो. त्यातला एकही आपली सही द्यायला राजी नसतो, कारण सही दिली की आपण अडकू अशी त्याला भीती. मग एजंट उगवतात आणि दाखल्याचा भाव फुटतो. दुसरीकडे देशभरातल्या मंडळांकडे हजारो कोटी रुपये खर्चाविना पडून राहिले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा केंद्राने राज्यांना याच निधीतून कामगारांच्या खात्यात पैसे टाकायला सांगितलं. ज्यांची नोंद होती त्यांना ते मिळू शकले. नाक्यावरच्या बहुतेकांची नव्हती. ९० दिवसांचा पुरावा कुणी द्यायचा, हा नियम लिहिताना खोलीत एक जरी नाका कामगार असता तर त्याने पहिल्या मिनिटाला विचारलं असतं, ‘सही कुणाची घेऊ?’

अशा वेळी माणसाला बोलावणं ही त्याच्यावर केलेली मेहरबानी नसते. त्याच्याकडे असलेली माहिती दुसऱ्या कुणाकडेच नसते.

ई-श्रमबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या मसुद्यात तो येणारच. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठीचं केंद्र सरकारचं हे पोर्टल २०२१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि ३० कोटींहून अधिक कामगारांनी त्यावर नाव नोंदवलं. एवढी माणसं सरकारच्या यादीत आली, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या यादीत कामगार कोण आणि काय काम करतो हे कळतं, त्याच्या कामाचा पैसा कुठून येतो ते कळत नाही. त्यामुळे योजना पोचवायला तिचा उपयोग होईल, लेव्ही लावायला होणार नाही. ‘ई-श्रमवर नोंदणी वाढवा’ एवढीच शिफारस करून थांबू नका.

याउलट डिलिव्हरी आणि टॅक्सीच्या ॲपवर प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होते, म्हणून तिथे वाट मोकळी आहे. राजस्थानने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, कामगाराला ओळख क्रमांक आणि मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी, अशी मांडणी आहे. माथाडी कायदा माहीत असलेल्याला ती लगेच ओळखू येते. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आली. तिच्यात ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के वर्गणी द्यावी, मात्र ती कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, असं म्हटलं आहे. यांतली व्यवहारागणिक शुल्काची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. कामगाराला आपली फेरी दिसते. कंपनीची उलाढाल दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तपासता येत नाही.

आता आर्थिक धोरणाकडे येतो, कारण तुमच्यासारख्या गटांचं सगळ्यात कमी लक्ष तिथे असतं. कामगारांचं नशीब कामगार खात्यात ठरतं असं आपण धरून चालतो. विड्या वळणाऱ्या बायकांचं बघा. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर होता, त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत अशी कामं होत होती. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि करांची मोट बांधताना हा उपकर रद्द झाला. योजना नावाला राहिल्या, पण त्यांचा स्वतःचा झरा आटला आणि त्या दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर विसंबून राहिल्या. आपल्याकडे २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला गेला. शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला की नाही यावर मतं वेगळी असतील, मी त्यात शिरत नाही. पण हमालाची नोंदणी, लेव्ही, हमालीचा दर हे सगळं बाजार आवाराशी बांधलेलं आहे. माल आवाराबाहेर उतरला की त्याचा कायदा आवारातच राहतो. हा निर्णय पणन खात्याचा, आणि तो करताना हमालांचं काय होईल असा प्रश्न कुणाच्या कामकाजात नव्हता. शहराचा विकास आराखडा हेही असंच एक कागदपत्र. त्यात पथारीवाल्यांच्या जागेचा रंग नसेल तर पुढे फेरीवाल्यांच्या हक्कांवर कितीही परिषदा घ्या, अतिक्रमणाची गाडी येणारच.

म्हणून मी सुचवेन की मसुद्यात कामगारांवरचं एक स्वतंत्र प्रकरण लिहून समाधान मानू नका. कर, पणन, नगरविकास, गृहनिर्माण या प्रत्येक विभागाच्या प्रस्तावाला एक प्रश्न जोडा: या बदलाने कुणाची नोंद, कुणाची जागा किंवा कुणाचा निधी नाहीसा होतो? उलट दिशेचं उदाहरणही आपल्याकडे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आकाराला आली तेव्हा तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला गेला. शहरातल्या पगारदाराकडून कर, त्यात सरकारची भर, आणि त्यातून गावातल्या मजुराला काम. हमीचा कायदा १९७७ चा, पण पैशाची सोय त्याच्या आधीची. क्रम लक्षात घ्या.

जिथे कामाला मालकच नाही तिथे काय, असं तुम्ही विचाराल. १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या ‘सेवा’ची कामगार संघटना म्हणून नोंदणी करायला गेल्या तेव्हा कामगार खात्याने हेच विचारलं होतं: या बायकांना मालक नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? त्यांचं म्हणणं असं की संघटना कामगारांच्या एकजुटीसाठी असते, समोर मालक असलाच पाहिजे असं नाही. नोंदणी मिळाली. मालक नसला तरी समोर कुणी ना कुणी असतंच. फेरीवाल्यासमोर महापालिका असते, कचरावेचकासमोर महापालिका आणि भंगारवाला, घरी बसून शिवणकाम करणारीसमोर माल आणून देणारा दलाल. वाटाघाट कुणाशी करायची, ते यातून ठरतं.

फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यात जागेचा प्रश्न नीट हाताळला आहे. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी आपापसांत निवडून दिलेले असावेत, आणि त्यांतल्या एक-तृतीयांश महिला असाव्यात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सर्वेक्षण पुरं होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही, हेही आहे. पण अनेक शहरांत समित्यांच्या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या, आणि निवडणूक नाही म्हणजे ४० टक्के नाहीत. उरलेले अधिकारी बैठक घेतात आणि इतिवृत्त लिहितात. तुमच्या गटाला एकाच शहरापुरतं काही ठोस करायचं असेल तर ही निवडणूक वेळेवर आणि पुऱ्या मतदारयादीनिशी होते की नाही, याचा पाठपुरावा घ्या. नव्या शिफारशीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

घरेलू कामगारांच्या बाबतीत माझ्याकडे सोपं उत्तर नाही. २००८ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण घराच्या दाराआड काय मजुरी ठरते याची कुठेही नोंद नसते, आणि घरोघर लेव्ही गोळा करायची यंत्रणा उभी राहिलेली नाही. त्यामुळे मंडळ सरकारी पैशावर अवलंबून राहिलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरेलू कामगारांबाबतच्या १८९ क्रमांकाच्या कराराच्या बाजूने भारताने मत दिलं, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही. शहरांपुरतं बोलायचं तर गृहनिर्माण सोसायटीला नोंदीची जागा करता येईल असं मला वाटतं. फाटकावर बाईची सही रोज घेतलीच जाते. ती नोंद आज फक्त पहाऱ्याच्या कामाची आहे, उद्या कामाच्या दिवसांची आणि रजेची होऊ शकते. चाळीत किंवा छोट्या गावात हे चालणार नाही.

कचरावेचकांकडून शिकण्यासारखं वेगळं आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिने अभ्यासातून एक हिशेब मांडला: या बायका जो कचरा वेचतात तो वेचला नसता तर पालिकेला तो उचलायला आणि वाहून न्यायला किती खर्च आला असता. तोवर त्यांच्याकडे बघायची नजर दयेची किंवा संशयाची होती. हा आकडा पुढे आला आणि बोलण्याचा सूर बदलला. ओळखपत्रं, विमा आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करण्याच्या कामात उतरली, या सगळ्याच्या मागे तो हिशेब आहे. तुम्ही अभ्यासगट आहात, आकडे हे तुमचं बळ आहे. ते या कामी लावा. कामगार किती गरीब आहेत याचे अहवाल पुष्कळ आहेत. त्यांच्या कामामुळे कुणाचे किती पैसे वाचतात, याचा हिशेब फार थोड्या कामांचा झालेला आहे.

आता बैठकीच्या प्रश्नाकडे वळतो. प्रतिनिधी म्हणून कोण येतं ते आधी पाहा. बोलावणं गेलं की पुष्कळदा मुकादम येतो, नाहीतर नगरसेवकाचा माणूस, नाहीतर आमच्यासारखे कार्यकर्ते. आम्ही बरं बोलतो, म्हणून आम्हाला पुन्हा पुन्हा बोलावलं जातं. यात धोका आहे. मी तीन गोष्टी विचारतो: या माणसाला कुणी निवडलं, निवडणाऱ्यांना त्याला काढता येतं का, आणि सभासद वर्गणी भरतात का. वर्गणी छोटी असली तरी चालेल. पण ज्याने ती भरली तो हिशेब विचारतो, आणि ज्याला हिशेब द्यावा लागतो तो बैठकीत तोलून बोलतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१५ च्या २०४ क्रमांकाच्या शिफारशीतही हा आग्रह आहे, की असंघटित कामगारांच्या सभासदांवर उभ्या असलेल्या संघटनांचे प्रतिनिधी वाटाघाटीत असावेत. सरकारी कागदात आधार हवा असेल तर ती शिफारस जरूर वापरा. जिथे अशी संघटनाच नाही तिथे मात्र ‘प्रतिनिधी’ हा शब्द वापरू नका. ‘आम्ही इतक्या कामगारांशी बोललो’ असं सरळ लिहा.

दुसरं, त्यांना तुमच्या सभागृहात बोलावण्याआधी तुम्ही त्यांच्या जागी जा. नाक्यावर सकाळी लवकर, काम मिळण्याच्या आधी. घरेलू कामगार बायकांकडे दुपारच्या कामांच्या मधल्या वेळात. बाजारात गाड्या रिकाम्या झाल्यावर. सभागृहात बोलावायचंच असेल तर बुडीत मजुरी आणि गाडीभाडं द्या, आणि ते आधी सांगा. हा खर्च तुमच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला असला पाहिजे, कारण तो नसेल तर एक दिवस बुडवणं ज्याला परवडतं तोच तुमच्यापर्यंत पोचतो.

तिसरं, मत विचारू नका, काल काय घडलं ते विचारा. काल किती वाजता निघालात, काम कुणी दिलं, पैसे कुणी दिले, रोख की खात्यात, किती कापले, कशासाठी कापले, पावती मिळाली का, पोलीस किंवा पालिकेचा माणूस आला होता का. याची उत्तरं कुणीही देऊ शकतं आणि उत्साहाने देतं. अशी तीस-चाळीस माणसांची काल-परवाची हकिकत लिहून काढलीत की पैशाची साखळी कागदावर आपोआप उमटते. तुम्हाला वेगवेगळी वाटणारी गाऱ्हाणीही मग एकाच साखळीच्या वेगवेगळ्या कड्यांवरची निघतात. तुम्ही सांगितलेल्या गोंधळाचं हेच कारण असावं असा माझा अंदाज आहे.

मग तो कागद घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा आणि वाचून दाखवा. याच टप्प्यावर लोक वाद घालायला लागतात, आणि तो वाद मोलाचा असतो. कायमच्या नोंदणीवाल्या हमालाला बदली हमालाची नोंदणी नको असते. जुन्या फेरीवाल्याला नव्याची पथारी नको असते. हे मतभेद मसुद्यात झाकू नका. कुणाचं काय म्हणणं आहे ते दोन्ही बाजूंनी लिहा आणि तुमचं मत त्यापासून वेगळं ठेवा.

राहिला ‘सर्वांना औपचारिक करा’ हा मुद्दा. ही मागणी ऐकायला चांगली आहे, पण तिच्या पोटात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे धंदा औपचारिक करणं: परवाना, कर, जागेचे नियम. दुसरी म्हणजे काम सुरक्षित करणं: ठरलेला दर, आजारपणात आधार, म्हातारपणी पेन्शन, छळ झाला तर दाद मागायची जागा. पहिली गोष्ट दुसरीशिवाय केली तर गरीब माणूस फक्त बेकायदा ठरतो आणि त्याला हटवणं सोपं होतं. २०४ क्रमांकाच्या शिफारशीतही संक्रमणाच्या काळात लोकांची उपजीविका टिकवायची, असं म्हटलं आहे. तेव्हा क्रम उलटा लिहा: आधी काम सुरक्षित, मग परवाने आणि कर. सगळ्या कामांना हे एका वेगाने लागू होणार नाही. ऊसतोडीत टनामागे लेव्ही आज शक्य आहे, घरकामात आज नाही, आणि मसुद्यात तसंच लिहिलं तर तुमचं कुणी कमी समजणार नाही.

तुमचा वेळ आणि माणसं मर्यादित असणार, म्हणून माझा सल्ला असा की सर्व असंघटित कामगारांवर न लिहिता दोन किंवा तीन कामं निवडा. एक असं, जिथे पैशाची नोंद आधीच होते. एक असं, जिथे नोंद नाहीच. प्रत्येकाची साखळी काढा, लेव्ही कुठे लावता येईल ते दाखवा, मंडळावर कोण आणि किती बसेल ते संख्येने लिहा आणि मंडळाची मुदत संपली तर काय होईल तेही लिहा. नेमणुका सहा महिन्यांत झाल्या नाहीत तर काय, याचं उत्तर नसलेली मंडळं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आणि वेळेचं भान ठेवा. राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मांडला जातो, म्हणजे खात्यांकडच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी ठरतात. पैशाची मागणी असेल तर ती हिवाळ्याच्या सुरुवातीला खात्याच्या टेबलावर हवी. ऊसतोड निवडलीत तर दसऱ्याच्या आत गावांत जाऊन या, कारण त्यानंतर गाड्या भरून टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मग माणसं भेटतात ती फडात, दमलेली आणि मुकादमाच्या समोर.